पेटीतून आलेलं हॉटेल

हॉटेल बांधायचं तर दगड हवा, विटा हव्यात, गवंडी हवेत. जॉन हडसन वॉटसन या कापडवाल्याने मात्र मुंबईत हॉटेल बांधलं नाही, मागवलं. इंग्लंडमधल्या डर्बी गावी फिनिक्स फाउंड्रीत त्याचे बीडाचे खांब ओतले गेले, तुळया तयार झाल्या. सगळा सांगाडा सुट्या भागांनी बोटीत चढला, मुंबई बंदरात उतरला आणि कोटाची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या जमिनीवर पुन्हा जोडला गेला. १८६७ साली काम सुरू झालं आणि १८७१ साली ‘वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल’ पाहुण्यांसाठी उघडलं. आज काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी यांच्या ओळीत जी एस्प्लनेड मॅन्शन नावाची खंगलेली इमारत दिसते, ती हीच.

वॉटसन मूळचा उत्तर इंग्लंडमधल्या कंबरलंडचा. १८५० च्या दशकापासून तो मुंबईत रेशमी कापड विकत होता, साहेबांचे कपडे शिवून देत होता. या नव्या इमारतीसाठी त्याच्या डोक्यात आधी होतं ते कापडाचं मोठं दुकान आणि कचेऱ्या. हॉटेलचा विचार नंतर आला, आणि तो आला हे नवल नाही. त्याच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक नुकतं बोटीतून उतरलेलं तरी असे किंवा बोट पकडायच्या घाईत तरी. अशा माणसाला सूट लागतो, तसा पलंगही लागतो. प्रवाशाला कपडे विकणं, सामान विकणं आणि खोली भाड्याने देणं हे तीन वेगळे धंदे आहेत असं त्या काळच्या मुंबईला वाटतच नसे.

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा हात होता आणि सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपरातही. म्हणजे प्रदर्शनाचे मंडप आणि आगगाडीची स्टेशनं उभी करणाऱ्या माणसाने हे हॉटेल आखलं होतं, आणि ते दिसतही तसंच होतं. भिंतींवर भार नाही. सगळं वजन बीडाच्या खांबांवर आणि लोखंडी तुळयांवर, विटा फक्त मधल्या जागा भरायला. पुढे शिकागोत ज्या तत्त्वावर गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, त्याची ही बरीच आधीची आवृत्ती. आजूबाजूला दगडी गॉथिक कमानींचा थाट सुरू असताना मध्येच हा उघडा लोखंडी सांगाडा उभा राहिला. मुंबईकरांना तो पाहून पक्ष्याचा भलामोठा पिंजरा आठवला, आणि त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

पिंजऱ्याच्या आत सुमारे १३० खोल्या होत्या. काचेच्या छपराखाली नाचघर होतं, खाली भोजनगृह आणि बार. नोकरवर्गात खास विलायतेहून आणलेल्या मुली होत्या. त्यावरून शहरात एक विनोद फिरे, की वॉटसनने सगळं इंग्लंडहून आणलं, तिथली हवा तेवढी आणायची राहिली. विनोदात तथ्य होतं. एप्रिल-मे महिन्यात लोखंड तापायचं ते तापायचंच. तरी रुंद सज्जे, उंच छत आणि समुद्राकडून येणारा वारा यांच्या जोरावर हॉटेल चाललं.

ते चालण्याचं खरं कारण मुंबईत नव्हतं, इजिप्तमध्ये होतं. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्याआधी विलायतेहून येणारा प्रवासी अलेक्झांड्रियाला बोटीतून उतरे, जमिनीवरून इजिप्त ओलांडे आणि सुएझला दुसऱ्या बोटीत चढे. आता बोट थेट येऊ लागली आणि तिचं हिंदुस्थानातलं पहिलं मोठं बंदर मुंबई. मार्च १८७० मध्ये जबलपूरकडून मुंबई-कलकत्ता लोहमार्गही जोडला गेला. लाहोरला निघालेला कारकून असो की कलकत्त्याचा न्यायाधीश, सगळ्यांची पहिली एक-दोन रात्रीची वस्ती मुंबईत होऊ लागली. थॉमस कुकने १८७२-७३ साली जगप्रदक्षिणेची पहिली सहल काढली, तिच्या वाटेवर मुंबई होती. १८८१ पर्यंत त्याच्या कंपनीचं कार्यालयही इथे थाटलं गेलं.

वॉटसनच्या पाहुण्यांपैकी सर्वांत बोलका पाहुणा जानेवारी १८९६ मध्ये आला. कर्जात बुडालेला मार्क ट्वेन व्याख्यानं देत जगभर फिरत होता. पुढच्या वर्षी छापलेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने हॉटेलच्या वास्तुशिल्पाचं फार कौतुक केलं नाही. सज्जात येऊन त्याच्या कपड्यांवर, सिगारवर आणि एकूण चारित्र्यावर आपापसात चर्चा करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर मात्र त्याने मनसोक्त लिहिलं. ते कावळे अजून आहेत.

त्याच पुस्तकातला आणखी एक प्रसंग हॉटेलच्या इतिहासासाठी महत्त्वाचा आहे. ट्वेनच्या खोलीवर एके दिवशी एक मोठा धर्मगुरू भेटायला येतो. नाव दिलेलं नाही, पण तो तरुण आगाखान, हे आता सर्वमान्य आहे. दोघे बसून हकलबेरी फिनबद्दल गप्पा मारतात. ‘वॉटसनमध्ये गोऱ्यांशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नसत’ आणि ‘जमशेटजी टाटांना तिथून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं’ या दोन गोष्टी मुंबईत शंभर वर्षं सांगितल्या जात आहेत. हॉटेल युरोपीयांसाठीच चालवलं जाई यात शंका नाही. पण आगाखान आत येऊन गेले, आणि तरुण बॅरिस्टर जीनाही संध्याकाळी तिथे बिलियर्ड्स खेळत असं सांगतात. तेव्हा दाराशी लिहिलेल्या नियमापेक्षा पाहुण्याचा दर्जा आणि व्यवस्थापकाची लहर यांवर बरंच अवलंबून असावं. जमशेटजींच्या अपमानाच्या कथेला पुरावा नाही असं इतिहासकार म्हणतात. अर्थात पुराव्याअभावी अशी कथा मरत नाही.

ट्वेन गेल्यावर पाचएक महिन्यांनी मारियस सेस्तिए नावाचा फ्रेंच माणूस वॉटसनमध्ये उतरला. निघाला होता ऑस्ट्रेलियाला, मुंबईत थांबला एवढंच. त्याच्या सामानात लाकडाची एक छोटी पेटी होती, जेमतेम पाच किलोची. हाताने दांडा फिरवला की ती चित्र टिपायची, त्याची प्रत काढायची आणि तीच भिंतीवर हलतं चित्र दाखवायची. लुमिएर बंधूंचं हे सिनेमॅटोग्राफ यंत्र म्हणजे त्या काळातलं प्रवासी सामानाचं सर्वांत चतुर उदाहरण. एडिसनचा कॅमेरा इतका अवजड होता की तो स्टुडिओतून हलायचा नाही. हा मात्र ट्रंकेत बसून जगभर फिरला. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात सहा लहान चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांतली एक स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची होती. हिंदुस्थानातला हा पहिला सिनेमा. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि देशी प्रेक्षकांची झुंबड उडाली. त्या खेळांनी झपाटलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचं चित्रीकरण केलं.

आता रस्ता ओलांडून दुसऱ्या प्रवाशाकडे पाहायला हवं. बोरीबंदरला रोज हजारोंनी उतरणाऱ्या देशी माणसाला वॉटसनचं नाचघर दुरूनही दिसत नव्हतं. पण त्याच्याकडेही प्रवासाचं सामान होतं, आणि सोयीच्या दृष्टीने ते साहेबाच्या सामानाहून कमी अकलेचं नव्हतं.

रेल्वेपूर्वीचा मराठी प्रवास कसा असे, ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’वरून कळतं. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले गोडसे आई-वडिलांसाठी गंगेचं पाणी कावडीतून पायी घेऊन आले. ही हकिकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिली आणि ती छापून आली १९०७ साली. तोवर काशीला जाणारे लोक गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसू लागले होते. कावड गेली आणि तिच्या जागी आला फिरकीचा तांब्या. पितळेचा किंवा तांब्याचा, आतून कल्हई केलेला, झाकणाला आटे पाडलेले आणि वर धरायला कडी. गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडत नसे, आणि स्टेशनावर कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं हा प्रश्नच उरत नसे. सोवळ्याच्या धाकातून जन्मलेली वस्तू, पण रचना अशी चोख की आजच्या महागड्या बाटलीचं झाकणही त्याच तत्त्वावर बसतं. आता तो चोरबाजारात शोभेची वस्तू म्हणून विकला जातो.

तांब्याबरोबर वळकटी. सतरंजी, गोधडी, चादर, उशी यांची घट्ट गुंडाळी आणि वरून सुंभाची दोरी. यात फक्त गरिबी पाहणं चूक ठरेल, कारण अंथरूण बरोबर नेण्याची सक्ती साहेबालाही होती. हिंदुस्थानातल्या गाडीत पहिल्या वर्गाच्या प्रवाशालाही बाक तेवढा मिळे, त्यावरचं अंथरूण त्याचं त्याने आणायचं आणि घालायला नोकरही त्यानेच ठेवायचा. मार्क ट्वेनला या पद्धतीची मोठी गंमत वाटली होती. साहेबाने वळकटीला जाड कॅनव्हास, चामड्याचे पट्टे आणि पितळी बकलं लावली, दोन्ही टोकांना खिसे शिवले आणि होल्डॉल तयार झाला. साहेब गेल्यावर तो मध्यमवर्गीय मराठी घरात माळ्यावर जाऊन बसला. मे महिन्यात तो खाली निघायचा. खिशात चपला, टॉवेल, पत्त्यांचा कॅट कोंबला जायचा, आणि पट्टा आवळताना घरातल्या कुणातरी मुलाला त्यावर बसवलं जायचं.

मुक्कामासाठी धर्मशाळा असे. सी. पी. टँकजवळच्या माधवबागेत, हिराबागेत देशावरून आलेलं बिऱ्हाडच्या बिऱ्हाड उतरे. शिधा आपला, चूल तिथली, मुक्कामाचे दिवस मोजके. हजला निघालेल्यांसाठी मुसाफिरखाने होते. जेद्दाला जाणाऱ्या बोटी मुंबईहून सुटत, आणि १८८६ पासून काही वर्षं या यात्रेकरूंच्या तिकिटांची व्यवस्था सरकारने थॉमस कुकच्या कंपनीकडे दिली होती. हॉटेल हा शब्द जरा उशिरा रुजला. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं सरदारगृह हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण. पुण्याहून मुंबईला आले की लोकमान्य टिळक तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या खोलीतच त्यांचं निधन झालं. शहराच्या राजकारणाचा केवढा तरी भाग या एका उतारगृहाच्या जिन्यावरून वर-खाली झाला. वॉटसनचं नाव मात्र पर्यटनाच्या पुस्तकांत जास्त येतं, ही एक खंत.

वॉटसनच्या शेजारीच १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबई शाखा उघडली. ही मूळची लंडनची सहकारी संस्था. लष्करी अधिकाऱ्यांना दारूच्या पेट्या घाऊक भावात मिळाव्यात म्हणून १८७१ साली निघाली आणि हळूहळू टाचणीपासून तंबूपर्यंत सगळं विकू लागली. तिचा कॅटलॉग विटेएवढा जाड असे. त्यात घडीचे पलंग, घडीची मोरी, कॅनव्हासचे न्हाणीचे टब, मच्छरदाण्या, औषधांच्या पेट्या, टिफिनच्या टोपल्या, स्पिरिटचे दिवे. जंगलात तंबू ठोकून बसलेल्या कलेक्टरला जेवणाच्या टेबलावर चांदीचं सामान मांडता आलं पाहिजे, हा या सगळ्या मालामागचा ठाम विश्वास. ब्रिटिश राज्य कागदावर आणि बंदुकीवर चालत होतं हे खरं, पण ते घडीच्या खुर्चीवरही बसलेलं होतं.

त्या खुर्चीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रुरकीला लष्करी इंजिनिअरांचं ठाणं होतं. तिथल्या नावाने ओळखली जाणारी ‘रुरकी चेअर’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली. कातलेले लाकडी दांडे, खिळा नाही, स्क्रू नाही, मध्ये ताणलेला कॅनव्हास. सुटी केली की काखेत मावावी आणि खडबडीत जमिनीवर चारही पाय आपोआप टेकावेत. डॅनिश रचनाकार कारे क्लिंट याने १९३३ साली तिच्यावरून आपली ‘सफारी चेअर’ बेतली आणि ती युरोपच्या दिवाणखान्यांत गेली. आज ती ज्या किमतीला मिळते, त्यात रुरकीच्या सुताराने अख्खी पलटण बसवली असती.

साहेबाच्या डोक्यावर सोलाची टोपी हवीच. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून ती करत, त्यामुळे दिसायला लठ्ठ पण वजनाला कापूस. हिंदुस्थानातलं ऊन गोऱ्या मेंदूला चढतं असं त्या काळच्या वैद्यकाचं म्हणणं होतं. नवखे प्रवासी ही टोपी पोर्ट सैदला सायमन आर्ट्झच्या दुकानात घेत. कालव्यात शिरायच्या आधी बोट तिथे थांबे आणि प्रवाशांचा लोंढा त्या दुकानात घुसे. नोकरी संपवून कायमचे परतणारे लोक बोटीवरून ती समुद्रात फेकून देत, असंही सांगतात. दुसऱ्या महायुद्धात उघड्या डोक्याने लढलेल्या सैनिकांना काही झालं नाही, तेव्हा टोपीमागचं वैद्यकही बुडालं.

बोटीवरच्या सामानाला शिस्त असे. केबिनमधल्या बिछान्याखाली सरकेल अशी बसकी ट्रंक बरोबर ठेवायची. बाकीच्या ट्रंकांवर चिठ्ठ्या लागत: वाटेत लागणारं सामान, वाटेत न लागणारं सामान. जे लागणार नाही ते थेट तळघरात. एका वर एक ट्रंका रचता येतात त्या सपाट झाकणामुळे. हे आज उघड वाटतं, पण घोडागाडीच्या टपावरून पावसाचं पाणी निथळावं म्हणून जुन्या ट्रंकांची झाकणं घुमटासारखी असत. लुई व्हितों याने पॅरिसमध्ये १८५४ साली दुकान थाटलं आणि चार वर्षांत जलरोधक कापडाची सपाट ट्रंक बाजारात आणली. आगगाडी आणि आगबोट यांना हवी होती तशीच ती होती. पुढे हिंदुस्थानी संस्थानिक हे त्याच्या घराण्याचं हौशी गिऱ्हाईक झाले. बडोद्याच्या गायकवाडांसाठी १९२६ साली या कंपनीने चहाची खास पेटी बनवली. किटली, कपबशा, डबे, प्रत्येकाला आपापला कप्पा. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक गेला, सयाजीराव महाराज झाला आणि १८८७ पासून वरचेवर युरोपला जात राहिला. त्याच्या दरबाराला अशा पेट्या लागणारच.

आणि तरीही प्रवासी सामानाचा सर्वांत अचाट नमुना पॅरिसचा नाही, जयपूरचा आहे. सवाई माधोसिंह यांना १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला जायचं होतं. समुद्र ओलांडायचा, पण परदेशचं पाणी प्यायचं नाही. मग चांदीचे जवळजवळ माणसाएवढे रांजण बरोबर घेतले गेले, एकेकात चार हजार लिटरच्या आसपास गंगाजल मावेल असे. महाराजांसाठी ‘ऑलिंपिया’ नावाची अख्खी बोट भाड्याने घेतली गेली. यांतले दोन रांजण आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत. तिसऱ्या वर्गातल्या आजीच्या फिरकीच्या तांब्यात आणि या रांजणात फरक आकाराचा. काळजी तीच.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. स्टेशनावर प्रवाशांची तपासणी, सामानाला धुरी, वळकट्या जप्त. बाहेरच्या माणसाने मुंबईत उतरावं असं काही राहिलं नाही. अशा वेळी जमशेटजी टाटांनी अपोलो बंदराजवळ प्रचंड हॉटेल काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बहिणीने ‘आता भटारखाना काढणार का’ असं विचारल्याचं सांगतात. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर काम तडीस नेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मधला अधांतरी वाटणारा जिना सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नावावर आहे. जमशेटजींनी यंत्रं जर्मनीतून आणली, पंखे अमेरिकेतून. विजेचे दिवे, लिफ्ट, तुर्की हमाम हे सगळं पहिल्यापासून होतं. पहिल्या दिवशी उतरले ते अवघे सतरा पाहुणे.

ताजबद्दलही एक कथा आहे: आराखडा समजून न घेता ते उलटं बांधलं गेलं आणि ते पाहून इंग्रज वास्तुविशारदाने जीव दिला. दोन्ही खोटं. वैद्य आणि मिर्झा इंग्रज नव्हते, आणि तोंड शहराकडे ठेवलं होतं ते घोडागाड्या तिकडून येत म्हणून. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखली होती, म्हणजे अधिक पाहुण्यांना वारा आणि दर्या मिळावा. बांधणारे नेटिव्ह असल्यामुळे त्यांनी चूकच केली असणार, हे गृहीत धरणाऱ्या कुणीतरी ही कथा रचलेली दिसते.

ताजपुढे वॉटसनचा तोरा उतरला. चेंबर्सनेच १९०९ च्या सुमारास मॅजेस्टिक हॉटेल उभं केलं, त्यामुळे गिऱ्हाईक आणखी वाटलं गेलं. मग एकेका इमारतीचा धंदा बदलत गेला. मॅजेस्टिकमध्ये आमदार निवास आणि खाली सहकारी भांडार आलं. हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ हे गोऱ्यांच्या आवडीचं रोखीचं दुकान होतं. तिथे खादी भांडार थाटलं गेलं, आणि विलायती कापडाच्या काउंटरवर चरख्याचं सूत विकायला बसलं. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत पुढे टाटांचंच तयार कपड्यांचं दुकान निघालं. वॉटसनच्या नाचघराची, खोल्यांची लाकडी फळ्यांनी शकलं झाली. वकिलांच्या कचेऱ्या, झेरॉक्सवाले, खानावळ. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक माणूस दगावला. त्याच साली जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत इमारतीचं नाव गेलं, आणि त्यासाठी इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी शब्द टाकला होता. २०१९ साली इमारत रिकामी केली गेली. आयआयटीच्या अहवालाने ती पाडावी म्हटलं, जतनतज्ज्ञांनी ती दुरुस्त होते असं सांगितलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. अडचण तांत्रिकही आहे. बीड ठिसूळ असतं, त्याला पोलादासारखी सहज वेल्डिंग होत नाही. डर्बीची ती फाउंड्री केव्हाच बंद पडली आहे, तेव्हा सुटे भाग मागवायची सोय नाही.

सामानाची कथा विमानाने बदलली. वजनाची मर्यादा आली, तशी पत्र्याची ट्रंक आणि होल्डॉल दोघे बाद झाले. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो या बॅगा बनवणाऱ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याला सहलीहून परतताना दोन जड सुटकेसी उचलायला लागल्या. शेजारून एक कामगार चाकांच्या फळीवरून यंत्र सहज ढकलत नेत होता. सॅडोने सुटकेसला चाकं लावली आणि १९७२ साली पेटंट मिळवलं. दुकानदार आधी हसले. पुरुषमाणूस बॅग ढकलत नेणार नाही, असं त्यांचं म्हणणं. उभी धरून ओढायची, लांब दांड्याची बॅग वैमानिक रॉबर्ट प्लाथ याने आणखी पंधरा वर्षांनी आणली.

महाराष्ट्रात याच १९७० च्या दशकात व्हीआयपीची टणक प्लास्टिकची सुटकेस आली आणि दहा-पंधरा वर्षांत लग्नाच्या रुखवतात जाऊन बसली. कारखाने निघाले नाशिक जिल्ह्यात. पुढे सॅमसोनाइटही नाशिकलाच आली. जिथून बडोद्याला राजा गेला, त्याच जिल्ह्यात आता सुटकेसींचे साचे चालतात. चामड्याची बॅग हवी असेल तर धारावीचा सायन रोडकडचा भाग आहे. आणि स्वस्तात सगळं हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना. यात्रेकरूंच्या उतारगृहामुळे नाव मिळालेल्या या गल्ल्यांत आता बॅगांच्या थप्प्या, अत्तरं, घड्याळं आणि चार्जर विकले जातात. तिथला दुकानदार ट्रॉली बॅग घेऊन ती फरशीवर गोल फिरवून दाखवतो, वर चढून उभा राहतो, आणि चाक तुटलं तर घेऊन या म्हणतो. बिल मात्र देत नाही.